पोथी आणि गोंदण : जयपूरच्या अक्षरांच्या दोन वाटा

दिव्याच्या ज्योतीवर पालथ्या धरलेल्या भांड्याला जे काजळ धरते त्याचा उपयोग आपल्या देशात डोळ्यांत घालण्यापुरता कधीच मर्यादित नव्हता. डिंकाच्या पाण्यात ते पुष्कळ वेळ घोटले की काळीभोर शाई तयार होई आणि त्या शाईने पोथ्या लिहिल्या जात. तेच काजळ सुईच्या टोकाने कातडीत उतरविले की गोंदण होई. एकाच काजळाच्या या दोन वाटा. पहिली वाट पंडिताच्या घरी जाऊन बासनात विसावली. दुसरी शेतकऱ्याच्या, कुंभाराच्या, गुराख्याच्या घरातील स्त्रियांच्या मनगटावर आणि हनुवटीवर येऊन थांबली. अलीकडे सुशिक्षित तरुण मंडळी आवडत्या ग्रंथातील एखादी ओळ किंवा एखादे चित्र अंगावर गोंदवून घेऊ लागली आहेत. ते पाहून वडीलधाऱ्यांना हे खूळ पाश्चात्त्यांकडून आले असे वाटते. या समजुतीत तथ्य किती आहे ते पाहावयाचे तर जयपूरइतके सोयीचे शहर दुसरे नाही. पोथ्या जपणारी घराणी तेथे पिढ्यान्पिढ्या नांदली, आणि त्याच शहराच्या वेशीबाहेर गोंदणारणीची सुईही तितक्याच निष्ठेने चालत राहिली.

सवाई जयसिंहाने १७२७ साली जयपूर वसविले. आखीव रस्ते, चौकोनी पेठा आणि जंतरमंतर यांसाठी हे नगर प्रसिद्ध आहे. तथापि शहराच्या उत्तरेस, डोंगराच्या पायथ्याशी, ब्रह्मपुरी नावाची जी वस्ती आहे तिच्याकडे प्रवाशांचे लक्ष क्वचितच जाते. यज्ञयाग, ज्योतिष आणि शास्त्रचर्चा यांसाठी दूरदूरच्या प्रदेशांतून बोलावून आणलेल्या ब्राह्मण कुटुंबांची ही वसाहत. जयसिंहाचे गुरू रत्नाकर पुंडरीक हे महाराष्ट्रीय होते. व्रते, तिथी आणि उत्सव यांचा निर्णय सांगणारा ‘जयसिंहकल्पद्रुम’ हा ग्रंथ त्यांचा. त्यांच्या घराण्याच्या नावाने ओळखली जाणारी हवेली ब्रह्मपुरीत आहे आणि तिच्या एका दालनातील भित्तिचित्रे संरक्षित म्हणून जाहीर झालेली आहेत. त्याच दरबारातील सम्राट जगन्नाथ यांनी युक्लिडची भूमिती अरबीतून संस्कृतात आणली. ‘रेखागणित’ या नावाचा तो ग्रंथ पुढे १९०१-०२ मध्ये मुंबई संस्कृत ग्रंथमालेत छापला गेला. टॉलेमीच्या ज्योतिषग्रंथालाही त्यांनी संस्कृत रूप दिले. ग्रीक भाषेत जन्मलेला एक ग्रंथ बगदाद-इराणच्या मार्गाने जयपूरला यावा आणि तेथून मुंबईच्या छापखान्यात जावा, हा प्रवास कोणत्याही कादंबरीहून कमी रम्य नाही.

राजवाड्यातील ग्रंथालयाचे नाव पोथीखाना. आज तो संग्रह महाराजा सवाई मानसिंह द्वितीय संग्रहालयाकडे आहे. खासमोहर, म्हणजे राजाच्या खास शिक्क्याखाली ठेवलेला संग्रह, हा त्याचा सर्वांत मौल्यवान भाग. पुंडरीक घराण्याच्या पोथ्याही याच ग्रंथालयात आल्या. गोपालनारायण बहुरा यांनी या पोथ्यांच्या सूचीसाठी आयुष्याची अनेक वर्षे खर्ची घातली आणि १९७६ मध्ये आमेर-जयपूरच्या राजांच्या वाङ्मयीन वारशावर आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. अकबराच्या आज्ञेने झालेल्या महाभारताच्या फारसी अनुवादाची, ‘रज्मनामा’ची, बादशाही प्रत जयपूरच्या राजघराण्याच्या ताब्यात होती. १८८३ च्या जयपूर प्रदर्शनात ती मांडली गेली आणि टॉमस हेंडली यांनी तिच्यातील चित्रांच्या प्रतिकृती प्रसिद्ध केल्या. तोपर्यंत ती पाहावयास मिळणे हे राजाच्या मर्जीवर अवलंबून असे. महाभारत सर्वांचे खरे, परंतु ती प्रत मात्र एकाची होती.

पोथी जपण्याची रीतही पाहण्याजोगी आहे. सुटी पाने लाकडाच्या दोन फळ्यांमध्ये ठेवावयाची, दोऱ्याने घट्ट बांधावयाची आणि वर कापडाचे बासन गुंडाळावयाचे. एखादा प्रश्न कायमचा बाजूला सारला म्हणजे तो ‘बासनात गुंडाळला’ असे मराठीत म्हणतात. पोथीवाल्या घरांत मात्र बासन हे पोथी पुन्हा उघडण्यासाठीच गुंडाळलेले असे. पावसाळा संपला की पोथ्यांना ऊन दाखवावयाचे. कसर लागलेली पाने निवडावयाची आणि त्यांची नवी नक्कल करावयाची. शहराजवळच्या सांगानेर गावातील कागजी कुटुंबांनी हाताने तयार केलेला कागद या कामी येई. हे कागजी मुसलमान होते. वैदिक कर्मकांडाच्या पोथ्या त्यांच्या हातच्या कागदावर लिहिताना कोणा पंडिताला अडचण वाटली नाही, हेही येथे नोंदविण्याजोगे आहे. नक्कल पुरी झाली म्हणजे लेखक शेवटच्या पानावर आपल्या वाकलेल्या पाठीची आणि शिणलेल्या डोळ्यांची तक्रार लिहून ठेवी. तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून पोथीला सांभाळा, मूर्खाच्या हाती देऊ नका, अशी विनंतीही तो करी. या समाप्तिलेखांत जितका जिवंत माणूस भेटतो तितका पुष्कळदा मूळ ग्रंथातही भेटत नाही.

अशा घरातील मुलांचा दिवस पाठांतराने उजाडे. अक्षरओळख होण्याआधी अमरकोश तोंडी येई. त्यातून काय घडू शकते याचा उत्तम नमुना म्हणजे भट्ट घराणे. मूळचे तेलंगणातील हे कुटुंब. या घराण्यातील श्रीकृष्ण भट्ट यांना ‘कविकलानिधी’ ही पदवी होती. जयसिंह आणि त्याचा पुत्र ईश्वरीसिंह यांच्या काळात त्यांनी ‘ईश्वरविलास’ हे महाकाव्य लिहिले. जयपूरची स्थापना आणि जयसिंहाचा अश्वमेध यांचे वर्णन त्यात आले आहे. सुमारे दोनशे वर्षे ते हस्तलिखित रूपातच राहिले. पुढे त्यांच्याच वंशातील भट्ट मथुरानाथ शास्त्री (१८८९-१९६४) यांनी त्याचे संपादन केले आणि १९५८ मध्ये ते प्रसिद्ध झाले. पूर्वजाच्या काव्याची मुद्रिते वंशजाने वयाच्या सत्तरीजवळ तपासावी, असा योग विरळाच. मथुरानाथ स्वतः जुन्याला कवटाळून बसणारे नव्हते. दोहा, कवित्त, ठुमरी, इतकेच नव्हे तर गझलही त्यांनी संस्कृतात रचली. १९४७ मधील त्यांच्या ‘जयपुरवैभवम्’ या काव्याचा विषय त्यांचे स्वतःचे शहर हाच आहे. त्यांचे पुत्र कलानाथ शास्त्री (जन्म १९३६) यांनीही संस्कृत आणि हिंदी या दोन्ही भाषांत विपुल लेखन केले.

मराठी वाचकाला या घराण्याविषयी आपुलकी वाटावी असे आणखी एक कारण आहे. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेली ‘गाथासप्तशती’ ही महाराष्ट्री प्राकृतातील, म्हणजे मराठीच्या पूर्वज भाषेतील. तिच्यातील शेतकरणी, गोदाकाठ आणि विंध्याची राने आपल्या परिचयाची आहेत. या गाथांना मथुरानाथांनी संस्कृत पद्यांचे रूप दिले आणि तो ग्रंथ मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून निघाला. जयपूर आणि निर्णयसागर यांचा संबंध त्याहून जुना होता. जयपूरचे पंडित दुर्गाप्रसाद आणि मुंबईचे काशिनाथ पांडुरंग परब यांनी १८८६ मध्ये ‘काव्यमाला’ सुरू केली. दुर्मीळ संस्कृत काव्ये आणि नाटके शुद्ध स्वरूपात छापून थोडक्या किमतीत वाचकाला देणे हा तिचा हेतू. जावजी दादाजींच्या टाइपांचे वळण आणि जयपूरच्या पंडिताची पाठशुद्धी यांच्या संयोगातून जे निपजले त्यावर संस्कृतच्या कित्येक पिढ्या पोसल्या. याच ब्राह्मण-पंडितांच्या जगात १८८३ साली चंद्रधर शर्मा गुलेरी यांचा जन्म झाला. वेधशाळेच्या जीर्णोद्धारात त्यांनी विशीच्या आतच हातभार लावला आणि १९१५ मध्ये ‘उसने कहा था’ ही हिंदीतील अजरामर कथा लिहिली.

हे सारे गौरवाचे आहे. परंतु या गौरवाच्या चित्रात काही माणसे दिसत नाहीत. ब्रह्मपुरीतील त्या घरांतून बासने झटकणाऱ्या, दिव्यावर काजळ धरणाऱ्या, पाहुण्या शास्त्र्यांच्या पंगती उठविणाऱ्या स्त्रियांपैकी किती जणींना ती पोथी वाचता येत होती? शहराबाहेरच्या खेड्यांतील स्त्रियांचा तर प्रश्नच नको. विसाव्या शतकाच्या मध्यास राजस्थानात शंभर स्त्रियांमागे दहा जणींनाही अक्षरओळख नव्हती. २०११ च्या जनगणनेतही हे प्रमाण शंभरात सुमारे बावन्न इतकेच होते. ज्यांना कागद मिळाला नाही त्यांच्यापाशी लिहून घेण्यासारखी एकच वस्तू होती, ती म्हणजे स्वतःची कातडी.

गोंदण्याचे काम करणाऱ्या स्त्रिया बहुधा भटक्या जातींतल्या असत. गावात त्या आल्या की मुलींना धरून आणले जाई. दोघीतिघींनी हात घट्ट धरावयाचा, गोंदणारणीने गाणे म्हणत सुया टोचावयाच्या आणि जखमेवर हळद लावावयाची, ही रीत राजस्थानात आणि महाराष्ट्रात फारशी वेगळी नव्हती. मोर, विंचू, ठिपके, स्वस्तिक, कृष्णाचा मुकुट, तुळस या त्यांच्या नेहमीच्या आकृती. उत्तर आणि मध्य भारतात ‘सीता की रसोई’ नावाची चौकटी-ठिपक्यांची एक नक्षी फार लोकप्रिय आहे. रामायणाचे एकही पान न उलटलेल्या स्त्रीच्या दंडावर सीतेचे स्वयंपाकघर आयुष्यभर मांडलेले असे. ग्रंथावरून अंगावर चित्र काढून घेण्याची आजची हौस नवी मानणाऱ्यांनी या नक्षीकडे एकदा पाहावे. राजवाड्यात मोगल चित्रकारांचे महाभारत कुलपात होते, त्याच काळात वेशीबाहेर रामायण हातांहातांवरून फिरत होते.

या प्रथेचे समर्थन एका समजुतीने केले जाई. दागिने मागे राहतात, ते उतरवून घेतले जातात. गोंदण मात्र बरोबर येते. सासरच्या घरी सोनेनाणे सासूच्या कुलपात जाणाऱ्या स्त्रीला ही समजूत का पटली असेल हे सांगावयास नको. आकृतींच्या जोडीला हळूहळू अक्षरेही आली. देवाचे नाव, भावाचे नाव, स्वतःचे नाव. आपल्याच हातावरचे नाव स्वतःला वाचता येत नाही अशा वृद्धा खेड्यांतून अजून भेटतात. शाळेत जाणारी नात ते त्यांना वाचून दाखवते.

तरीही या प्रथेचा नुसता गोडवा गाणे अप्रामाणिकपणाचे होईल. सहा-आठ वर्षांच्या मुलीला कोणी विचारून गोंदवीत नसे. न गोंदलेल्या सुनेच्या हातचे पाणी चालत नाही असा धाक अनेक ठिकाणी असे. शांता शेळके यांनी आपल्या एका काव्यसंग्रहाला ‘गोंदण’ हे नाव दिले, तेव्हा या शब्दातील सौंदर्य आणि वेदना या दोन्ही गोष्टी मराठी वाचकाला न सांगता उमगल्या.

कातडीवरच्या अक्षरांचा याहून काळा अध्यायही आहे आणि तो सरकारी दप्तरात नोंदलेला आहे. कंपनी सरकारच्या बंगालमधील १७९७ च्या नियमानुसार खोटी साक्ष आणि बनावट दस्तऐवज यांसारख्या गुन्ह्यांसाठी गुन्हेगाराच्या कपाळावर देशी भाषेत अक्षरे गोंदविण्यात येत. जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळीही त्यांचा गुन्हा लिहिला जाई. या शिक्षेला इंग्रज अधिकारीही ‘गोदना’ हाच शब्द वापरीत. १८४९ मध्ये ती रद्द झाली, परंतु तोवर कपाळावर फेटा खाली ओढून वावरणाऱ्या माणसांची एक पिढी होऊन गेली होती. ‘कपाळी लिहिलेले’ हा आपल्याकडे नशिबाविषयीचा वाक्प्रचार आहे. येथे तो कायद्याचा भाग झाला होता. वाचता न येणाऱ्याच्या देहावर, त्याच्या इच्छेविरुद्ध, दुसऱ्याने लिहिणे. अक्षराचा इतका नीच उपयोग दुसरा क्वचितच सापडेल.

अक्षर देहावर कोणी लिहिले आणि कोणाच्या इच्छेने लिहिले, हा म्हणूनच या विषयातील मुख्य प्रश्न आहे. त्याचे सर्वांत तेजस्वी उत्तर जयपूरपासून दूर, पूर्वेकडे छत्तीसगडच्या महानदीकाठी मिळते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चारपारा गावच्या परशुराम नावाच्या व्यक्तीने तेथे रामनामी पंथ सुरू केला. हे लोक अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातले. मंदिराचे दार त्यांना बंद होते. तुलसीदासांचे ‘रामचरितमानस’ लोकभाषेतील असूनही त्याच्या पठणावर उच्चवर्णीय आपलाच हक्क मानीत. रामनामींनी मंदिराकडे पाठ फिरविली आणि ‘राम’ ही दोन अक्षरे अंगावर गोंदवून घेतली. कोणी हातावर, कोणी कपाळावर, तर कोणी डोक्यापासून पायांपर्यंत. ज्याचे सर्वांग असे भरले त्याला ते ‘नखशिख’ म्हणतात. अंगावर रामनाम छापलेली चादर आणि डोक्यावर मोरपिसांचा मुकुट हा त्यांचा वेष. त्यांचा राम मूर्तीतला नाही, निर्गुण आहे.

परंतु येथे केवळ नामाची भक्ती पाहून थांबणे योग्य नव्हे. या पंथाचा दीर्घ अभ्यास करणारे अमेरिकन विद्वान रामदास लॅम्ब यांनी दाखवून दिले आहे की रामनामी हे मानसचे अत्यंत चिकित्सक वाचक आहेत. आरंभी त्यांच्यापैकी बहुतेकांना वाचता येत नव्हते. त्यांनी ऐकून ओव्या पाठ केल्या. पुढे अर्थ समजू लागला तेव्हा ब्राह्मणांची थोरवी गाणाऱ्या, शूद्रांना आणि स्त्रियांना हिणविणाऱ्या ओळी त्यांनी गाणे सोडून दिले आणि नाम व ज्ञान यांना मान देणाऱ्या ओळी निवडल्या. आवडता ग्रंथ म्हणजे डोळे मिटून स्वीकारावयाचा ग्रंथ नव्हे, हे त्यांना कोणत्या विद्यापीठाने शिकविले नव्हते. ब्रह्मपुरीच्या पंडितांनी पाठभेद तपासले; महानदीकाठच्या या मजुरांनीही आपल्या परीने पाठच ठरविला. दोन्ही कामांना संपादन हाच शब्द लागू पडतो.

महाराष्ट्रात ‘जय भीम’ ही अक्षरे हातावर गोंदवून घेणारे स्त्रीपुरुष आढळतात. ती अक्षरेही याच जातीची आहेत. ज्यांचे नाव त्यांत आहे त्या डॉ. आंबेडकरांनी दादरला ‘राजगृह’ हे घर बांधले ते मुख्यतः आपल्या ग्रंथांना जागा व्हावी म्हणून. ग्रंथांसाठी घर बांधणाऱ्याचे नाव, ज्यांना पिढ्यान्पिढ्या ग्रंथ नाकारले गेले त्यांच्या मनगटांवर यावे, यात पोथी आणि गोंदण यांच्या वाटा एकमेकींना भेटल्या आहेत.

जयपूरच्या परिसरातही या दोन वाटांमध्ये एक पायवाट होती. संत दादू दयाल (१५४४-१६०३) यांचे अखेरचे दिवस नराणे येथे गेले. त्यांच्या पंथात मूर्तीच्या जागी दादूंच्या वाणीचा ग्रंथ पूज्य मानला जातो. स्वतः दादूंना परंपरा पिंजारी मानते आणि त्यांचे शिष्य सांगानेरचे रज्जब हे जन्माने मुसलमान होते. संतवाणीचे संग्रह करणे, त्यांच्या नकला काढणे आणि त्या मठामठांतून पोचविणे हे काम दादूपंथीयांनी इतक्या निष्ठेने केले की कबीर-रैदासांच्या पदांची फार जुनी हस्तलिखिते त्यांच्यामुळे वाचली. या पोथ्यांना संस्कृताची गरज नव्हती, की जन्माचीही.

आता आजच्या जयपूरकडे वळावयास हरकत नाही. न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओ’रायली याने १८९१ मध्ये विजेवर चालणाऱ्या गोंदणयंत्राचे पेटंट घेतले. त्याच्याच कुळातील छोटी यंत्रे आज पुष्करच्या जत्रेत बॅटरीवर घरघरत असतात आणि जयपूरच्या नव्या पेठांतील वातानुकूलित दुकानांतही चालतात. २००६ पासून या शहरात साहित्य महोत्सव भरतो. पूर्वी तो डिग्गी पॅलेसच्या हिरवळीवर भरे, २०२२ पासून तो क्लार्क्स आमेर हॉटेलच्या आवारात भरू लागला. देशोदेशींचे लेखक पाहावयास येणाऱ्या त्या गर्दीत बहुसंख्य तरुण असतात. अशा वाचकांपैकी कोणाच्या मनगटावर आवडत्या कवीचा अर्धा चरण असतो, कोणाच्या दंडावर लहानपणच्या पुस्तकातील चित्र असते, तर कोणाच्या खांद्यावर नुसते उघडे पुस्तक.

त्यांना हसणे सोपे आहे. आवड बदलते, कातडी बदलत नाही, हा आक्षेप खोटाही नाही. आज ज्या कादंबरीने झपाटले ती पंधरा वर्षांनी पोरकट वाटू शकते. शिवाय ओळ ग्रंथातून उचलली की ती एकाकी होते. मागचापुढचा संदर्भ तुटतो आणि पात्राच्या तोंडी असलेले उपहासाचे वाक्य उपदेश म्हणून मिरविले जाते. संस्कृत ओळींची दैना तर विचारू नये. विसर्ग गळतो, अनुस्वार भलत्याच अक्षरावर चढतो. निर्णयसागरात मुद्रिते तपासणारा पंडित असे. गोंदणाऱ्याच्या दुकानात तो नसतो आणि शुद्धिपत्र जोडण्याची सोय तर येथे मुळीच नाही. त्याहून गंभीर गोष्ट स्वच्छतेची. जत्रेत एकच सुई आणि एकाच वाटीतील रंग अनेकांना वापरला गेला तर यकृताला ग्रासणारे हेपटायटिस ‘बी’ आणि ‘सी’ यांचे विषाणू एकाच्या रक्तातून दुसऱ्याच्या रक्तात जाऊ शकतात. नवी सुई समोर उघडावयास सांगणे हा प्रत्येकाचा हक्क आहे.

इतके सांगितल्यावरही एक फरक उरतोच. या मुलीचे हात कोणी धरून ठेवलेले नाहीत. तिने ते पुस्तक स्वतः वाचले, ओळ स्वतः निवडली, वेदनेचे पैसेही स्वतःच मोजले. तिच्या आजीच्या पिढीला यांतले काहीच करता येत नव्हते. ग्रंथप्रेमी घरांत या गोष्टीवरून आता कुरबुर होते. वडील म्हणतात, पुस्तकांसाठी कपाट आहे, अंग कशाला? मुलीजवळ याचे उत्तर असते. ज्या घरात वडिलांना शेकडो श्लोक मुखोद्गत असणे हे भूषण मानले गेले, त्या घरात ग्रंथ देहात मुरवून घेण्याची कल्पना नवी नव्हती. पाठांतर हेही एक प्रकारचे गोंदणच होते, फक्त ते दिसत नसे.

गोंदण टिकते कसे याविषयी विज्ञानाने अलीकडे जे सांगितले आहे ते या संदर्भात मोठे मनोवेधक आहे. रंगाचे कण कातडीच्या खोल थरात शिरले की शरीरातील भक्षक पेशी त्यांना परके समजून गिळतात आणि पचवता न आल्याने तशाच धरून बसतात. पूर्वी अशी समजूत होती की या पेशी माणसाइतक्याच जगत असाव्यात. २०१८ मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी उंदरांवरील प्रयोगांतून दाखविले की जुन्या पेशी मरतात, कण मोकळे होतात आणि शेजारी आलेल्या नव्या पेशी ते पुन्हा गिळून जागच्या जागी धरतात. म्हणजे कातडीवरचे अक्षर एकदाच लिहिले जाऊन राहत नाही. त्याची आतल्या आत सतत नक्कल चाललेली असते. ब्रह्मपुरीतील वृद्ध शास्त्री जीर्ण पान बाजूस ठेवून मुलाला नवे पान लिहावयास बसवी, त्याहून हे निराळे नाही. कडा हळूहळू पसरतात, अक्षर जरा धूसर होते. नकलाकाराच्या हातूनही काही अक्षरे निसटतच.

मात्र ही नक्कल एका देहापुरती असते. २००३ मध्ये शेली जॅक्सन या अमेरिकन लेखिकेने ‘स्किन’, म्हणजे कातडी, नावाची २०९५ शब्दांची कथा लिहिली आणि ती कागदावर न छापता एकेक शब्द एकेका स्वयंसेवकाच्या अंगावर गोंदविण्याचे ठरविले. भाग घेणाऱ्यांना ती ‘शब्द’च म्हणे. एकेक शब्द मरेल तशी कथा विरळ होत जाईल, अशी तिची योजना. अमेरिकेतील वाचकांना ही कल्पना विलक्षण वाटली. महानदीकाठी मात्र असे एक पुस्तक शंभराहून अधिक वर्षे चाललेले आहे. रामनामींची तरुण मुले कामासाठी शहरात जातात. कपाळावरील अक्षरांवरून जात ओळखली जाईल, नोकरी मिळणार नाही, म्हणून ती आता सर्वांग गोंदवून घेत नाहीत; कोणी छातीवर किंवा हातावर एकदाच नाम लिहून घेतो, कोणी तेवढेही नाही. नखशिख रामनामी आता फार थोडे आणि वयोवृद्ध उरले आहेत. हिवाळ्यात महानदीच्या परिसरात त्यांचा भजनमेळा भरतो, तेव्हा मोरपिसांचे मुकुट घातलेले हे म्हातारे वर्तुळात बसतात आणि घुंगरांच्या तालावर मानसच्या त्यांनी निवडलेल्या ओळी आळीपाळीने म्हणतात. शेजारी बसलेल्या नातवंडांच्या हाती छापील मानस असते.